यांत्रिक उपनयन

आमच्या घरीं गेल्या ज्येष्ठ महिन्यांत एक आनंदाचा प्रसंग घडला. आमच्या पुतण्याची कन्या, म्हणजे आमची नातच, इंजिनियरिंगची परीक्षा चांगल्या रीतीनें उतरून पुण्यांतील एका सॉफ्टवेअर कंपनींत प्रोग्रामर म्हणून रुजू झाली. ‘रुजू झाली’ असें आम्हीं लिहिलें खरें, परंतु ती कोठें गेली नाहीं व तिला कोणी भेटलेंही नाहीं. आदल्या दिवशीं एक खोकें घरीं आलें, त्यांत लॅपटॉप होता. दुसरे दिवशीं सकाळीं नऊ वाजतां तो उघडला, आणि संध्याकाळीं पांचच्या आंत पडद्यावरील एका यादींतील सत्तावीसच्या सत्तावीस कलमांपुढें हिरवी खूण उमटली. यादीच्या माथ्यावर ‘आपली तयारी शंभर टक्के पूर्ण झाली आहे’ अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य झळकलें. आमच्या वहिनींनीं देवापुढें साखर ठेविली.

याच मुलीला त्यानंतर अकराव्या रात्रीं, दीड वाजतां, स्वयंपाकघरांत अंधारांत रडत बसलेलें तिच्या आईनें पाहिलें. “आई, मला हें जमणार नाहीं. बाकीचे सगळे काम करूं लागले असतील. मला अजून सुरुवातसुद्धां करतां येत नाहीं. मी राजीनामा देतें,” एवढेंच ती म्हणाली. शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून जिनें कधीं दुसरा नंबर पाहिला नाहीं, ती मुलगी अकरा दिवसांत आपण मूढ आहों अशा निश्चयाला आली होती!

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें; पुढें पाठशाळेंत थोडें संस्कृत झालें, आणि बाकीचें आयुष्य खडू-फळ्यांत गेलें. संगणकशास्त्रांत आमचा अधिकार शून्य. तथापि शिकवणें, मूल शिकलें कीं नाहीं हें पाहणें, आणि ‘शिकलें’ असें कागदावर लिहिणें, या तीन गोष्टींत केवढें अंतर असतें हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. नातीच्या प्रकरणाचें मूळ त्याच अंतरांत सांपडलें, आणि ज्यांच्या घरचीं मुलें आज या धंद्यांत शिरत आहेत अशा वाचकांच्या तें उपयोगी पडेल, म्हणून या महिन्याच्या सदरांत आम्ही तोच विषय घेत आहों.

नव्या नोकराला कामाशीं जोडून घेण्याच्या या विधीस त्या लोकांत ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. उतारूला गलबतावर चढवून घेणें हा त्यामागील अर्थ. आमच्याकडे याला फार जुना शब्द आहे, तो उपनयन. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘नी’ म्हणजे नेणें. मुलाला आचार्याजवळ, विद्येजवळ नेणें हा त्याचा धात्वर्थ. मुंज म्हणजे जेवणावळ आणि आहेर अशी हल्लीं समजूत झाली असली तरी मूळ विधींत आचार्य बटूला त्याचें नांव विचारतो, त्याचा हात आपल्या हातीं घेतो, आणि बटु अग्नींत समिधा घालून भिक्षा मागावयास निघतो. म्हणजे नेणारा आहे, नेला जाणारा आहे, आणि नेल्यावर त्यानें स्वतःच्या हातानें करावयाचें कर्मही आहे. आमच्या लेखांतला बटु मुलगा असो वा मुलगी असो, त्याच्या उपनयनांतील कोणता भाग यंत्राकडे द्यावा आणि यंत्रानें तो नीट केला कीं नाहीं हें कोणीं, कसें पाहावें, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम यंत्राची बाजू सांगणें न्यायाचें होईल. नव्या प्रोग्रामरसाठीं पुष्कळ सामग्री जुळवावी लागते. त्याचें नांव कंपनीच्या दफ्तरीं चढवून त्याला खातें द्यावयाचें. मेल उघडून द्यावयाची. कंपनीचे प्रोग्राम ज्या भांडारांत ठेविलेले असतात, तेथें वाचण्याचा व लिहिण्याचा परवाना द्यावयाचा. आणि तो प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर चालेल अशी सर्व अवजारांची मांडणी करून द्यावयाची. हें शेवटचें काम सर्वांत किचकट. एका प्रोग्रामला अमुक आवृत्तीची भाषा, तमुक आवृत्तीचा डेटाबेस आणि दहावीस उपांगें लागतात. एकाची आवृत्ति चुकली कीं सारा गाडा अडतो. पूर्वीं एखादा अनुभवी गृहस्थ नवख्याजवळ दोन-तीन दिवस बसून हें करून देई. त्यांत कधीं एखादें कलम विसरे, कधीं कामाच्या घाईंत नवखा तसाच बसून राही, आणि ज्याच्याशीं गृहस्थाचें सूत जमे त्याला अधिक मदत मिळे. यंत्र विसरत नाहीं, कंटाळत नाहीं, आणि त्याला आवडता-नावडता नाहीं. २०१३ सालीं ‘डॉकर’ नांवाचें साधन लोकांपुढें आलें, तेव्हांपासून तर अशी अवजारें एका बंद डब्यांत भरून तोच डबा निरनिराळ्या यंत्रांवर उघडण्याची सोय सर्वत्र पसरली. तेव्हां यंत्रानें हें काम करूं नये असें म्हणणें म्हणजे आगगाडी सोडून बैलगाडीनें काशीयात्रा करा म्हणण्यासारखें आहे.

मग आमच्या नातीचें काय झालें? दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं तिला जवळ बसवून विचारलें, “तुझ्या वरिष्ठांना सांगितलेंस काय?” ती म्हणाली, “आजोबा, यादींत सगळें हिरवें असतांना मी काय सांगूं? म्हणजे चूक माझीच.” आम्ही म्हणालों, “बाळ, यादी हिरवी आहे आणि काम होत नाहीं, एवढेंच सांग. चूक कोणाची हें ठरविण्याचें काम तुझें नव्हे.” तिनें भीत भीत निरोप पाठविला. वरिष्ठ गृहस्थ सज्जन होते. त्यांनींही आरंभीं आपल्या पडद्यावर पाहून ‘तुझी तयारी तर पहिल्याच दिवशीं पूर्ण झालेली दिसते’ असें आश्चर्य दाखविलें. परंतु नंतर दोन तास तिच्याबरोबर बसून त्यांनीं मूळ शोधलें, तों दोन गोष्टी निघाल्या.

पहिली अशी. भांडाराचा परवाना मिळवून देण्याचें जें कलम यादींत होतें, त्यांत यंत्राचें काम परवान्याचा अर्ज पुढें धाडण्याचें होतें. अर्ज गेला, तत्क्षणीं हिरवी खूण उमटली. तो अर्ज ज्यांच्याकडे गेला ते अधिकारी दुसऱ्या खात्यांत बदलून गेले होते. अर्ज त्यांच्या जुन्या टपालांत अकरा दिवस पडून राहिला. परवाना मागितला, एवढें खरें होतें. यादी मात्र तो मिळाला असें सांगत होती.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म. अवजारें मांडण्यासाठीं यंत्राला आज्ञांची एक मालिका लिहून दिलेली असते. अशी मालिका लिहिण्याची जी फार प्रचलित रीत आहे, तींत मधली एखादी आज्ञा फसली तरी पुढच्या आज्ञा चालूच राहतात. आणि शेवटची आज्ञा साधली कीं सर्व मालिका साधली असा निकाल मिळतो. असें होऊं नये म्हणून लिहिणाराला मुद्दाम निराळी सूचना घालावी लागते. ती येथें घालावयाची राहिली होती. डेटाबेस मांडण्याची मधली आज्ञा फसली, शेवटची आज्ञा ‘समाप्त’ असें छापण्याची होती, ती अर्थातच साधली, आणि खूण हिरवी झाली. परीक्षेंत मधले सर्व प्रश्न सोडून शेवटीं ‘इति’ लिहिणाऱ्या मुलाला पैकीच्या पैकी मार्क द्यावे, तसाच हा प्रकार!

येथें दुष्ट असा कोणीच नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. यंत्रानें सांगितलें तेवढें केलें, वरिष्ठांनीं पडदा पाहिला, आणि मुलीनें पडद्यावर विश्वास ठेवून स्वतःवरचा विश्वास गमावला. आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील खरें नुकसान तें हेंच. अकरा दिवसांचा पगार कंपनीला जड नव्हता.

आषाढांत गुरुपौर्णिमेला आमचा एक जुना विद्यार्थी प्रतिवर्षीं नमस्काराला येतो. तो दुसऱ्या एका कंपनींत हीच व्यवस्था पाहतो, हें आठवून आम्हीं त्याला सर्व हकीकत सांगितली. तो हंसला नाहीं, हें आम्हांस बरें वाटलें.

“गुरुजी,” तो म्हणाला, “‘झालें’ या एका शब्दाचे आमच्याकडे तीन अर्थ होतात आणि सगळा घोटाळा तेथेंच आहे. आज्ञा सुटली, हा एक. वस्तु तयार झाली, हा दुसरा. आणि नव्या माणसाला त्या वस्तूनें काम करतां आलें, हा तिसरा. यंत्राला पहिला अर्थ आपोआप कळतो. दुसरा कळावा म्हणून मुद्दाम व्यवस्था करावी लागते. आणि तिसरा त्या माणसाकडून करवून घेतल्यावांचून कळतच नाहीं.”

“मग तुम्ही काय करतां?” आम्हीं विचारलें.

त्यानें सांगितलेल्या चार रीति आम्ही आमच्या शब्दांत देतों.

पहिली रीत अशी कीं, पडताळणी देणाराच्या वहींत करावयाची नाहीं, घेणाराच्या दारीं करावयाची. परवाना दिल्याची नोंद आहे कीं नाहीं हें पाहून भागत नाहीं. नव्या माणसाच्याच खात्यानें भांडाराचें दार ठोठावून पाहावयाचें आणि दार उघडलें तरच हिरवी खूण द्यावयाची. तसेंच डेटाबेस मांडला कीं नाहीं हें मांडणाऱ्या मालिकेला विचारावयाचें नाहीं, डेटाबेसलाच एखादा साधा प्रश्न विचारून उत्तर येतें कीं नाहीं तें पाहावयाचें.

दुसरी रीत पहिलीच्या उलट. जें दार उघडूं नये तें बंद आहे ना, हेंही पाहावयाचें. कोणालाही त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, अधिक देऊं नये, हें तत्त्व जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं आपल्या निबंधांत मांडलें आणि अद्यापि तें या शास्त्रांत प्रमाण मानलें जातें. परंतु हिरव्या खुणेचें लक्ष दार उघडलें कीं नाहीं याकडे असतें. नको तें दार उघडें राहिलें तर कोणी तक्रार करीत नाहीं. २०१७ सालीं एका नवख्या प्रोग्रामरनें आपलें नांव न सांगतां जी हकीकत प्रसिद्ध केली, ती या धंद्यांत अजून सांगितली जाते. पहिल्याच दिवशीं त्याच्या हातीं तयारीच्या सूचनांचा कागद दिला गेला. त्या कागदावर नमुना म्हणून कंपनीच्या चालू डेटाबेसचेंच नांव व किल्ली छापलेली होती. त्यानें आपल्याला मिळालेली किल्ली वापरण्याऐवजीं चुकून कागदावरचीच वापरली, आणि सराव म्हणून चालविलेल्या चाचणीनें कंपनीचा खरा डेटाबेस पुसून टाकला. त्याच्या सांगण्याप्रमाणें त्याला त्याच दिवशीं घालवून देण्यांत आलें. ज्या घरांत तिजोरीची किल्ली पाहुण्यांच्या सूचनापत्राला टांचून ठेवलेली असते, त्या घरांतील चोरीचा दोष पाहुण्यावर कितपत यावा, हें वाचकांनींच ठरवावें.

तिसरी रीत आम्हांस फार आवडली. त्याच्या कंपनींत दररोज मध्यरात्रीं एक काल्पनिक नोकर रुजू होतो. त्याला खातें मिळतें, परवाने मिळतात, कोऱ्या यंत्रावर सर्व अवजारें पहिल्यापासून मांडलीं जातात, तो प्रोग्राममध्यें एक नांवापुरता बदल करतो, त्या बदलाच्या चाचण्या होतात, आणि पहाट होण्यापूर्वीं त्याचें खातें बंद करून सर्व परवाने परत घेतले जातात. ते खरोखर परत आले कीं नाहींत याचीही परीक्षा होते. काल चालत असलेली व्यवस्था आज बिघडली तर ती पहिल्यानें या काल्पनिक नोकराला अडवते. हाडामांसाच्या मुलाला रडवीत नाहीं.

चौथी रीत म्हणजे शांततेवर लक्ष ठेवणें. नव्या माणसाचा पहिला बदल भांडारांत स्वीकारला जाईपर्यंत किती दिवस गेले, हें मोजावयाचें. आणि ठरीव दिवसांत त्याच्याकडून कांहींच आलें नाहीं तर यंत्रानें त्याला स्मरणपत्र धाडावयाचें नाहीं, त्याच्या वरिष्ठाला हाक मारावयाची. “गुरुजी, आमच्या धंद्यांत आरडाओरड झाली तर धांवणारे पुष्कळ,” तो म्हणाला, “पण नवीन माणूस ओरडत नाहीं. तो गप्प बसतो. म्हणून त्याची शांतता हीच धोक्याची घंटा समजावी लागते.”

पण घंटा वाजवणें एक आणि ती ऐकणें दुसरें, हेंही त्यानेंच पुढें सांगितलें. त्यासाठीं त्यानें ज्या दोन हकीकती दिल्या, त्या नव्या नोकरांच्या नाहींत; परंतु यंत्रानें ‘झालें’ म्हणणें आणि तें खरोखर होणें यांतील अंतर त्यांत फार स्पष्ट दिसतें.

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत व्यवहार करणारी नाइट कॅपिटल नांवाची मोठी पेढी होती. २०१२ च्या जुलै महिन्याअखेर तिनें आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढविला. चढविणाऱ्या माणसाकडून आठांपैकीं एक सर्व्हर राहून गेला, आणि दुसऱ्या कोणीं तें काम तपासून पाहावें असा नियम तेथें नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडण्यापूर्वींच पेढीच्या यंत्रणेनें चूक दाखविणाऱ्या ९७ मेली कित्येक कर्मचाऱ्यांना धाडल्या होत्या. त्या मेली म्हणजे धोक्याची सूचना अशा हेतूनें योजलेल्या नव्हत्या, आणि त्या वाचण्याचा कोणाचा प्रघातही नव्हता. बाजार उघडला, आणि त्या एका सर्व्हरवरील जुन्या प्रोग्रामनें सुमारें ४५ मिनिटांत असे सौदे करून ठेविले कीं पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक खोट आली. सत्त्याण्णव वेळां घंटा वाजली, आणि दाराशीं कोणी नव्हतें!

दुसरी हकीकत ३१ जानेवारी २०१७ ची. प्रोग्रामांचें भांडार चालविणाऱ्या गिटलॅब या कंपनींत रात्रीं उशीरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनियरनें चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारें ३०० गिगाबाइट मजकूर नाहींसा झाला. नकला तर ठेविलेल्या असतीलच, म्हणून पाहूं गेले तों नकला करणारी व्यवस्था आवृत्ति न जुळल्यामुळें पूर्वींपासूनच फसत होती. आणि ती फसल्याची सूचना देणाऱ्या मेली मेलव्यवस्थेनेंच परत फिरविल्या होत्या. सुदैवानें एका इंजिनियरनें दुसऱ्याच कामासाठीं सुमारें सहा तासांपूर्वीं एक नक्कल करून ठेविली होती, तिच्यावर निभावलें. मधल्या सहा तासांचा मजकूर गेला तो गेलाच. या कंपनीनें आपली चूक झांकली नाहीं, सर्व वृत्तान्त तपशिलासह स्वतः प्रसिद्ध केला, ही गोष्ट आम्हांस तिच्या कीर्तीला शोभणारी वाटते.

लिसॅन बेनब्रिज नांवाच्या विदुषीनें १९८३ सालीं या विषयावर एक लहानसा निबंध लिहिला, त्याचें सार असें कीं, यंत्र माणसाकडून सोपीं कामें काढून घेतें आणि अवघड तेवढीं त्याच्याकडे ठेवतें. शिवाय यंत्रावर सतत नजर ठेवण्याचें काम त्याला देतें, जें माणसाला नीट साधत नाहीं. आम्हीं परीक्षागृहांत तीन-तीन तास पर्यवेक्षण केलें आहे. पहिल्या अर्ध्या तासानंतर आमचे डोळे मुलांवर असत, लक्ष नसे. म्हणूनच पडदा पाहत बसणें ही देखरेख नव्हे. ठराविक वेळीं, ठराविक प्रश्न, ठराविक माणसानें विचारणें ही देखरेख. आणि उत्तर ऐकून न थांबतां ‘करून दाखव’ म्हणणें ही पडताळणी.

हा विचार आमच्या परंपरेला नवा नाहीं. पाठशाळेंत आमच्याबरोबर वेदाध्ययन करणारे विद्यार्थी असत. संहिता पाठ झाली म्हणून त्यांचे गुरुजी संतुष्ट होत नसत. मग पदें सुटीं करून म्हणावयाचीं. मग क्रम, म्हणजे पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशा जोड्या. मग जटा, म्हणजे पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें. आणि शेवटीं घन, ज्यांत तीन पदें उलटसुलट गुंफलेलीं असतात. एकच मजकूर इतक्या वाटांनीं फिरवल्यावर त्यांत एखादें पद गळलें असेल तर तें कोठें तरी उघडें पडतेंच. ही पडताळणीच होय. आणि एवढें करूनही गुरुजी समोर बसून ऐकत असत, हें विसरूं नये.

कारण नेहमींच्या वाटेची परीक्षा हळूहळू पाठ होऊन जाते. येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. हजेरी पूर्ण, वागणूक उत्तम. वाचनाचा तास आला कीं उभा राहून धडा खणखणीत वाचून दाखवी, आणि आम्ही प्रगतिपुस्तकावर ‘वाचन उत्तम’ असा शेरा देत असूं. आमच्या पूर्वींच्या गुरुजींनींही तोच शेरा दिलेला होता. एके दिवशीं शाळेच्या शिपायाचें एक कार्ड आलें. आमचा चष्मा घरीं राहिला होता, म्हणून आम्हीं त्या मुलाला तें वाचावयास सांगितलें. तो कार्ड हातांत घेऊन नुसता उभा राहिला. कांहीं वेळानें म्हणाला, “गुरुजी, हें ताईनें घरीं वाचून दाखविलेलें नाहीं.”

घरीं मोठी बहीण धडा वाचून दाखवी, आणि तो ऐकून ऐकून पाठ करी. चार वर्षें त्याच्यापुढें हिरवी खूण पडत होती आणि ती देणारे आम्हीच होतों. त्यानंतर आम्हीं त्याला शाळा सुटल्यावर रोज बसवून घेतलें. पण पुढच्या वर्षीं वडील गेल्यामुळें त्याची शाळा सुटली, आणि जेवढें व्हावयास पाहिजे होतें तेवढें झालें नाहीं. परीक्षेंत अपठित उतारा कां घालतात, हें आम्हीं मुलांना पुष्कळदां समजावून सांगितलें होतें. आम्हांस स्वतःला तें त्या कार्डानें कळलें.

म्हणून आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्हीं एक शंका विचारली, “अरे, तुझा मध्यरात्रींचा काल्पनिक नोकर रोज एकाच वाटेनें जातो. उद्यां व्यवस्थेलाही ती वाट पाठ होणार नाहीं काय?” तो क्षणभर थांबून म्हणाला, “होते, गुरुजी. म्हणून तर प्रत्येक नव्या माणसाला आम्ही तिसऱ्या दिवशीं प्रत्यक्ष विचारतों कीं, यादींत नसलेली कोणती अडचण आली? आणि जी अडचण तो सांगेल ती यादींत त्यानेंच घालावयाची.” अपठित उतारा तो हाच. नवा माणूस स्वतःच्या अडाणीपणामुळें जें पाहतो, तें जुन्यांना दिसेनासें झालेलें असतें. आणि महिन्याभरांत त्यालाही दिसेनासें होणार असतें. तेवढ्या मुदतींत त्याला विचारलें पाहिजे.

आमची नात आतां सुखरूप आहे. परवाना मिळाला, डेटाबेस बसला, आणि अठराव्या दिवशीं तिचा पहिला बदल भांडारांत स्वीकारला गेला. तो बदल प्रोग्रामांतला नव्हता; त्या सत्तावीस कलमी यादींतलाच होता. परवान्याच्या कलमापुढील खूण आतां अर्ज गेल्यावर उमटत नाहीं, दार उघडल्यावर उमटते. तिच्यानंतर रुजू झालेल्या एका मुलाला पहिल्याच दिवशीं तेथें तांबडी खूण दिसली आणि त्यानें दुपारीं निरोप पाठवून ती सोडवून घेतली. “आजोबा, त्याला वाटलेंच नाहीं कीं चूक आपली आहे,” असें तिनें आम्हांस सांगितलें, तेव्हां तिच्या चेहऱ्यावर जें समाधान होतें तें पहिल्या दिवसाच्या सत्तावीस हिरव्या खुणांनीं आलेलें नव्हतें.

ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें अशा नोकरींत नव्यानें शिरलीं असतील, त्यांना आमची एवढीच विनंति. संध्याकाळीं चहाच्या वेळीं ‘सगळें झालें ना?’ असें विचारूं नये. त्याला ‘हो’ हें उत्तर ठरलेलें आहे. ‘आज कोठें अडलें?’ असें विचारावें, आणि ‘कोठेंच नाहीं’ असें सलग चार दिवस उत्तर आलें तर थोडें जवळ जाऊन बसावें. यादी करण्याचें काम यंत्रानें खुशाल करावें. जवळ नेण्याचें काम मात्र आपल्यालाच करावें लागणार आहे.